मार्तिनिकमधला शोल्शेर : आधी तारखा बघा
कॅरिबियनमधल्या मार्तिनिक या फ्रेंच बेटावर शोल्शेर या गुलामीविरोधी फ्रेंच नेत्याचा पुतळा पाडला गेला. त्यावर 'गुलामी संपवणाऱ्याचाच पुतळा पाडला, हा निव्वळ कृतघ्नपणा' असं एक मत आहे, ते पटलं नाही. पाडायचा दिवस बघा: २२ मे २०२०. शोल्शेरच्या खटपटीने पॅरिसमध्ये गुलामी संपवण्याचा हुकूम निघाला २७ एप्रिल १८४८ला. तो जहाजाने मार्तिनिकला पोचायच्या आत, २२ मेला तिथल्या सॅं-पिएर शहरात गुलामांनी उठाव केला आणि दुसऱ्याच दिवशी गव्हर्नरला मुक्ती जाहीर करावी लागली. कागद मागून आला, तरी चौथऱ्यावर चढला पॅरिसचा माणूस. (१८४९च्या कायद्याने भरपाई मिळाली तीही मालकांना; गुलामांना दमडी नाही.)

नेपोलियनची बायको जोसेफिन, तिचं प्रकरण वेगळं. तिच्या पुतळ्याचं डोकं १९९१मध्ये उडवलं, ते परत बसवलंच नाही. पुढे २०२०पर्यंत पुतळा तसाच, मुंडक्याविना, मानेखाली लाल रंगाचे ओघळ घेऊन मार्तिनिकची राजधानी फोर-द-फ्रान्सच्या बागेत उभा होता.