तुमची माहिती तुमच्याआधी दुसऱ्याच कुणी देऊन टाकली असं झालंय का? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात एका कामासाठी एका अनोळखी माणसाला फोन केला, तर त्यांनी उचलल्या उचलल्या मला नावाने हाक मारली. नुसतं नाव नाही, सात-आठ वर्षांपूर्वी मी जिथे कामाला होते त्या जागेचा उल्लेखसुद्धा. म्हटलं तुम्हाला कसं कळलं, तर म्हणाले स्क्रीनवर येतंय ना. कोणाचा फोन आहे ते दाखवणारं अ‍ॅप होतं त्यांच्याकडे. मी ते अ‍ॅप कधीच घेतलेलं नाही. पण जुन्या ऑफिसातल्या कुणीतरी माझा नंबर तसा सेव्ह केला असणार, अ‍ॅप टाकताना कॉन्टॅक्ट बघायची परवानगी दिली असणार, आणि त्यांची अख्खी यादी वर गेली त्यात मीही गेले. मला कुणी विचारलं नाही, आणि ज्यांनी दिली त्यांना आता आठवतही नसेल.

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. प्रायव्हसी म्हटलं की आपण पासवर्ड, स्क्रीन लॉक, सेटिंग असं फक्त आपल्या फोनाबद्दल बोलतो. २०१८ मध्ये राजकीय प्रचारासाठी लोकांची माहिती वापरणाऱ्या एका कंपनीचं, म्हणजे केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा मी त्यातलं आकड्यांचं गणित नीट वाचलं नव्हतं, आत्ता वाचलं. फेसबुकवरचं ते चाचणीचं अ‍ॅप साधारण २,७०,००० लोकांनी घेतलं होतं, आणि माहिती गेली ती ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची, कारण त्या वेळी अ‍ॅप घेणाऱ्याच्या मित्रांची माहितीही त्याच्या परवानगीवर मिळायची. म्हणजे बहुतेकांनी कशावरही बोट ठेवलं नव्हतं.

तर असे अनुभव लिहाल का? तुमच्या जवळच्यांमुळे, ओळखीच्यांमुळे किंवा जिथे तुमच्या हातात काहीच नव्हतं अशा कशामुळे तुमची माहिती गेली, किंवा तुमच्याकडून दुसऱ्याची गेली. वेगळं मत असेल तर तेही लिहा, मला खरंच समजून घ्यायचंय.

---

माझ्याकडून दुसऱ्याची गेली, तेच लिहितो.

जुना कॅमेरा विकायचा होता. तो ताईकडे पडला होता, म्हणून तिच्या घरी बसून फोनवर पाच-सहा फोटो काढले. घेणारा म्हणाला की मेसेजवर आलेले फोटो अंधुक दिसतायत, मूळ फाइल मेल करा. केल्या. भेटायची जागा मी मुद्दाम घरापासून लांबची सांगितली होती. आदल्या रात्री तो माणूस थेट ताईच्या दारात. ती घरात एकटी, तिला या व्यवहाराची काही कल्पनाच नाही. तो काही वाईट वागला नाही, फक्त म्हणाला जवळच होतो म्हणून आलो, पण ती इतकी घाबरली की पुढचे कितीतरी दिवस दार उघडायच्या आधी मला फोन करायची.

फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, कॅमेऱ्याची माहिती याच्यासोबत ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही साठवलेले असतात, लोकेशन चालू असेल तर. मेसेजिंग अ‍ॅपमधून साधा फोटो पाठवला की बहुतेक वेळा ही माहिती गळून जाते, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून किंवा मेलने पाठवला की जशीच्या तशी जाते. मला हे माहीत नव्हतं. आता कॅमेरा अ‍ॅपची लोकेशनची परवानगीच काढून टाकलीय. ताईची माफी मागितली, तिने माफ केलं, तरी मला तो प्रसंग आठवला की अजून कसंतरी होतं.

---

खूप दिवस हे कुठे लिहावं कळत नव्हतं, इथे लिहिते.

मी नवऱ्यापासून वेगळी झाले तेव्हा सगळं बदललं. फोन नवीन, नंबर नवीन, मेल, बँक सगळ्यांचे पासवर्ड नवीन, आणि नव्या घराचा पत्ता मोजून चार जणांना माहीत. तरी त्याला कळायचं. आम्ही बागेत गेलो होतो हे कळायचं, आईकडे दोन दिवस राहिलो हे कळायचं. मी आधी माझ्याच माणसांवर संशय घेतला, एका मैत्रिणीशी बोलणं तोडलं, याचं मला आजही वाईट वाटतं कारण तिचा काहीही संबंध नव्हता.

तो होता मुलाचा टॅब. मूल लहान असताना अकाउंट उघडलं तेव्हा पालक म्हणून आम्ही दोघंही त्याच्या फॅमिली ग्रुपमध्ये होतो. मुलाचं डिव्हाइस कुठे आहे हे पालकाला दिसतं, ती सोय हरवलेल्या मुलासाठी आहे आणि चांगलीच आहे. पण मूल माझ्याजवळ, म्हणजे मी कुठे आहे तेही दिसणार. माझ्या फोनला तो हातही लावू शकत नव्हता आणि त्याला गरजही नव्हती.

कुणी यातून जात असेल तर दोन गोष्टी सांगते. एक, स्वतःचा फोन तपासून थांबू नका. मुलांची डिव्हाइसेस, जुना लॅपटॉप, टीव्हीवर लॉगिन राहिलेलं अकाउंट, गाडीशी जोडलेलं अ‍ॅप, सगळं बघा. अकाउंटच्या सेटिंगमध्ये कुठल्या कुठल्या डिव्हाइसवर लॉगिन आहे त्याची यादी असते, ती वाचा. सामानात टाकायचे छोटे ट्रॅकर असतात त्यांच्यासाठी आता आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीवर 'अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत फिरतोय' अशी सूचना येते, २०२४ पासून दोन्ही कंपन्यांनी त्यासाठी एकच पद्धत स्वीकारलीय, ती सूचना आली तर दुर्लक्ष करू नका. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सापडलं की लगेच बंद करू नका. बंद केल्याचं समोरच्याला कळतं आणि काही माणसं त्यावर चवताळतात. आधी कुणाशी तरी बोला, सुरक्षित जागा ठरवा, स्क्रीनशॉट ठेवा, मग बंद करा. मला हे वकीलबाईंनी सांगितलं म्हणून मी थांबले, आणि थांबले ते बरं झालं.

---

वरचं वाचून सुन्न झालो. तरी माझी बाजू वेगळी आहे ती मांडतो, राग मानू नये.

माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. लोकेशन शेअरिंग नसतं तर ते आज आमच्यात नसते असं मी अगदी जबाबदारीने म्हणतो. पहाटे घराबाहेर पडले, आम्ही उठेपर्यंत तास-दीड तास गेला होता, घड्याळात जीपीएस होतं म्हणून सापडले, नाल्याच्या कडेला बसले होते. त्यामुळे कुणी सरसकट ट्रॅकिंग वाईट म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर तो नाला येतो.

फक्त एक सांगावंसं वाटतं. आजार कळला तेव्हा बाबा बऱ्यापैकी सावध होते आणि तेव्हाच आम्ही त्यांना विचारलं. तू बघ, तुझी आई बघेल, बाकी कुणाला दाखवू नको असं ते म्हणाले. काकांनी दोनदा मागितलं, मी दिलं नाही. आज बाबांना विचारलं तर त्यांना प्रश्नही कळणार नाही. तेव्हा विचारून ठेवलं याचं मला फार समाधान आहे.

---

+१ वरच्या प्रतिसादाला. विचारून ठेवणं.

---

माझं काम डेटाचंच आहे म्हणून एका गैरसमजाबद्दल लिहितो. 'आम्ही नाव काढून टाकतो, माहिती निनावी असते' हे वाक्य सगळ्यांनी वाचलेलं असतं. नाव काढल्याने माणूस निनावी होत नाही. २००६ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने संशोधनासाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांचे सर्च जाहीर केले, नावं काढून, प्रत्येकाला फक्त एक आकडा देऊन. न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी त्यातल्या एका आकड्याचे सर्च वाचत वाचत त्या बाईंचं घर गाठलं. कारण माणूस शोधतो काय, तर आपल्या भागातली सेवा, आपल्या आडनावाचे लोक, आपली दुखणी. त्याआधी २००० साली लटान्या स्वीनी या संशोधिकेने दाखवलं होतं की जन्मतारीख, लिंग आणि पोस्टाचा पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवर अमेरिकेतले ८७ टक्के लोक वेगळे ओळखू येण्याची शक्यता आहे.

हे धाग्याशी जुळतं ते असं. आमच्या एका सर्वेक्षणात 'घरात किती माणसं, वयं काय, कुणाला कुठला आजार' असे प्रश्न होते. उत्तर एकजण देतो, माहिती घरातल्या पाचांची जमा होते. मी ते प्रश्न काढा म्हणून मीटिंगमध्ये बोललो, दोन निघाले, एक राहिला. त्या राहिलेल्या एकाबद्दल मी अजून भांडतोय.

---

डीएनएबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. माझ्या आतेभावाला पूर्वज कुठले ते बघायला थुंकीची चाचणी करायची होती. मी म्हटलं नको. तो म्हणाला माझी थुंकी आहे, तुझा काय संबंध. संबंध आहे! २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातला अनेक वर्षं न सापडलेला खुनी पोलिसांना सापडला तो त्याच्या लांबच्या नातेवाइकांनी वंशावळीच्या साइटवर टाकलेल्या डीएनएमुळे, त्याने स्वतः काही दिलं नव्हतं. तो सापडला ते उत्तमच झालं. पण तीच वाट सगळ्यांना उघडी आहे. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी या डीएनए चाचणीच्या कंपनीत चोरी झाली तेव्हा थेट फुटलेली अकाउंट साधारण १४,००० होती, लोकांनी दुसरीकडचेच पासवर्ड तिथे वापरले होते म्हणून, आणि माहिती गेली ६९ लाख लोकांची, कारण नातेवाईक जुळवायची सोय चालू होती. पासवर्ड बदलता येतो, हे कुठे बदलणार. आतेभाऊ अजून ठरवतोय. निदान आता ठरवायच्या आधी घरच्यांना विचारतोय, एवढं झालं.

---

स्वतःच्या फोनवर ऑफिसचं मेल घेतलं होतं. घेताना एक लांबलचक परवानगी आली, डिव्हाइस मॅनेजमेंट की काय, सगळ्यांनी ओके केलं मीही केलं. नोकरी सोडली त्या संध्याकाळी फोन आपोआप रीसेट झाला. पूर्ण कोरा. त्यांना त्यांचं मेल पुसायचं होतं, त्यांनी अख्खा फोन पुसला. फोटो बऱ्यापैकी परत मिळाले, पण आईचे व्हॉइस मेसेज गेले, ती जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. चौदा मेसेज होते, मला त्यातले बरेचसे पाठ आहेत पण आवाज नाही.

अँड्रॉइडमध्ये कामाची अ‍ॅप वेगळ्या कप्प्यात ठेवायची सोय आहे, वर्क प्रोफाइल म्हणतात, चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसते. तसं असेल तर ऑफिस फक्त तो कप्पा पुसू शकतं. जमत असेल तर तेच मागा, नाहीतर कामाचा फोन वेगळा द्या म्हणा.

---

हे वाचून मी आत्ता उठून आईचे मेसेज लॅपटॉपवर उतरवून घेतले. बाकी काही लिहीत नाही.

---

माझा मुद्दा चॅटचा. आमच्या घरी भांडण झालं ते असं. मी भावाला एका गंभीर आजाराबद्दल लिहिलं होतं, तुझ्यातच ठेव म्हणून. त्याने ठेवलं. पण त्याने नवीन फोन घेतला, जुना मुलीला दिला, आणि चॅट त्यावर तसेच उघडे. मुलीने वाचलं, मग सगळ्यांनाच कळलं. व्हॉट्सअ‍ॅपला २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे म्हणजे मधल्या कुणाला वाचता येत नाही, ते खरं आहे. पण दोन टोकं असतात ना. समोरच्याच्या टोकाला जो फोन आहे, जो बॅकअप आहे, तिथे कुलूप आहे की नाही ते त्याच्यावर. क्लाउडवरच्या बॅकअपला तसं कुलूप लावायची सोय २०२१ मध्ये आली आणि ती आपली आपण चालू करावी लागते. मी चालू केली. भावाला म्हटलं तूही कर, कारण तुझ्याकडच्या बॅकअपमध्ये मी आहे. त्याला ते वाक्य लगेच पटलं, याआधी महिनाभर मी प्रायव्हसी प्रायव्हसी म्हणून समजावत होते ते पटलं नव्हतं.

---

जिथे आपल्या हातात काहीच नसतं असं धाग्यात म्हटलंय, म्हणून नेट बंद करण्याबद्दल. आम्ही राहत होतो तिथे गडबड झाली आणि वरून आदेश येऊन मोबाइल इंटरनेट बंद झालं. अफवा पसरू नयेत म्हणून. कारण मला कळतं, अफवांनी माणसं मरतात हेही खरं. पण पहिल्या दिवशी अफवा थांबल्या नाहीत, खोडून काढणारं कुणी उरलं नाही एवढंच झालं. शेजारी म्हणाले अमुक रस्त्यावर जाळपोळ झाली, ते खरं की खोटं हे बघायला काही साधनच नाही. बायकोच्या परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख गेली. रिक्षावाल्याला ऑनलाइन पैसे देता येईनात, त्याने नंतर द्या म्हणून सोडलं, त्याचाही दिवसभराचा गल्ला तसाच गेला.

लोक म्हणतात व्हीपीएन वापरा, म्हणजे आपलं नेट दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमधून फिरवून नेणारी सोय. साइट ब्लॉक केली असेल तर व्हीपीएन उपयोगी पडतो, पण नेटच नसेल तर व्हीपीएन कशावर चालणार? २०११ च्या जानेवारीत इजिप्तमध्ये असंच झालं होतं. तिथल्या इंटरनेट कंपन्यांनी आपल्याकडे यायचे मार्ग जगाला सांगणंच थांबवलं, त्यामुळे बाहेरच्या नेटवर्कांच्या लेखी तो देश जवळपास नकाशावरून गेला, पाच दिवस. आदेश मोजक्या कंपन्यांना गेला की पुरतं. आदेश काढायचाच असेल तर तो लेखी असावा, किती वेळासाठी ते त्यात लिहिलेलं असावं, आणि लोकांना वाचायला मिळावा, एवढं तरी मागायला हवं. आम्हाला कधी सुरू होणार हेही कुणी सांगितलं नव्हतं.

---

धागाकर्ती. सगळ्यांचे मनापासून आभार, एकेक प्रतिसाद दोनदा वाचला. टॅबबद्दल लिहिणाऱ्या ताई, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं केलंत, आणि त्या मैत्रिणीला एकदा फोन कराच.

माझ्याकडचं पुढचं सांगते. त्या अ‍ॅपच्या साइटवर नंबर काढून टाकायचा फॉर्म सापडला, भरला, काही दिवसांनी नाव गेलं. मग सहज म्हणून मी माझाच फोन तपासला. एका वेगळ्याच अ‍ॅपला, ओळखीचे लोक शोधायचं ते असतं ना, मी कधीतरी कॉन्टॅक्टची परवानगी दिलेली. सेटिंगमध्ये आत आत गेल्यावर 'अपलोड केलेले कॉन्टॅक्ट' अशी यादी निघाली, ४१२ नावं. त्यात माझ्या डॉक्टर आहेत, मुलीच्या वर्गशिक्षिका आहेत, आणि एक मावशी आहेत ज्यांनी नंबर देताना मला बजावलं होतं की कुणाला देऊ नकोस. यादी पुसली, परवानगी काढली. आयफोनमध्ये २०२४ पासून अख्ख्या यादीऐवजी निवडक नावंच दाखवता येतात, ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते बघा.

काल मावशींना फोन करून सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या आधी मला ते कुठे दिसतं ते दाखव, माझ्या फोनमध्ये तुझा पण नंबर आहे. रविवारी त्यांच्याकडे जातेय.