मदत हवी आहे: ऑक्टाव्हिया आरएसला ८.५ जे, ईटी ४५ चाकं बसतील का?

मंडळी, नमस्कार. माझी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ कोल्हापुरातच चालते. मूळ चाकं १८ इंची, ७.५ जे (रिमची रुंदी, इंचात), ईटी ५१ (ऑफसेट, म्हणजे चाक गाडीला टेकतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर), टायर २२५/४० (रुंदी मिमीत / साइडवॉलची उंची रुंदीच्या टक्क्यांत). गेल्या पावसाळ्यात खड्ड्यात एक रिम चिरली, म्हणून चारही बदलायच्या आहेत. मनात भरलेला सेट ८.५ जे, ईटी ४५ चा आहे. पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास मिमीत) ५ बाय ११२, तो जुळतो.

माझा हिशोब असा: रिम एक इंच रुंद झाली की दोन्ही बाजूंना १२.७ मिमी वाढते, आणि ऑफसेट ६ ने कमी झाल्यामुळे सगळं चाक तेवढं बाहेर सरकतं. म्हणजे बाहेरची कड १८.७ मिमी बाहेर, आतली ६.७ मिमी आत. आतल्या बाजूची फार चिंता नाही, पण मागच्या फेंडरची (चाकावरच्या पत्र्याची) आहे. चौघं बसून, डिकी भरून करूळ घाट उतरताना टायर घासला तर?

टायर २३५/४० घ्यावा म्हणतोय. व्यास फक्त ८ मिमी वाढतो आणि साइडवॉलही थोडी जाड मिळते. दुकानदार अरुंद २१५ चा टायर रुंद रिमवर ताणून बसवा म्हणतो, ते मला अजिबात पटत नाही. आपल्या रस्त्यांवर रिमची कड उघडी पडली की संपलंच.

नव्या चाकांचं मधलं भोक ६६.६ मिमी, गाडीचा हब (ज्यावर चाक बसतं तो मधला भाग) ५७.१. मधली फट भरायला शिरोलीत ओळखीच्या लेथवर ॲल्युमिनियमच्या रिंगा करून घेईन. मूळ बोल्ट गोल बैठकीचे (चाकाला टेकणारी बाजू गोल) आहेत, नव्या चाकांना कोनवाले लागतील, बरोबर ना?

हेच माप कुणी वापरलंय का? की ईटी ४८ शोधू? गाडी भरलेली असतानाचे मागच्या चाकाचे फोटो असतील तर कृपया टाका.