घडीचा चाकू, बजेट पाचशे: लॉकचा की बिनलॉकचा?

काळीमाती
शेतात रोज खिशात राहील असा घडीचा चाकू, पाचशे रुपयांच्या आत. कामं ठरलेली: खताचं पोतं, सुतळी, नायलॉन दोरी, ठिबकची १६ मिमीची नळी, दुपारी कांदा नाहीतर संत्रं. माझं मत: एवढ्या पैशात लॉकच्या (उघडलेलं पातं अडकवून ठेवणाऱ्या) भानगडीत पडू नका. पाठीला कमान (स्प्रिंग) असलेला साधा बिनलॉकचा घ्या. पातं ७ ते ८ सेंमी, जाडी २ मिमीच्या आसपास. साडेतीन मिमीचं जाडजूड पातं दिसायला दणकट, पण कांद्यात पाचरीसारखं अडकते.

दुकानात पातं उघडून आडवं हलवून पाहा, ते ज्यावर फिरते त्या खिळ्यात ढिलाई नको. मिटल्यावर टोक मुठीत पूर्ण बुडालं पाहिजे, नाहीतर आठ दिवसांत खिशाला भोक. लोहचुंबक सोबत न्या. अजिबात चिकटला नाही तर ते ताटवाटीचं स्टील, त्याला पाणी देता (तापवून-विझवून कडक करता) येत नाही, म्हणून धारही टिकत नाही. (चिकटला म्हणजे उत्तमच, असंही नाही.)

तुराटी
बिनलॉकचा? काहून पण? पोत्यात टोक खुपसलं, जोर पाठीकडून आला, की पातं सरळ बोटावर मिटते. लायनर लॉकचा घ्या भाऊ, फक्त पारखून घ्या. उघडल्यावर आतली पट्टी पात्याच्या बुडाखाली सरकते ना, ती बुडाच्या जाडीच्या पाव ते अर्ध्यापर्यंत गेली पाह्यजे. काठावरच थांबली तर लॉक सुटणार. पार पलीकडच्या कडेला गेली तर पुढच्या झिजेला जागाच उरली नाही. उघडा चाकू लाकडी फळीवर पाठीकडून हलकेच दोन-तीनदा ठोका. मिटला तर दुकानदाराला परत.

काळीमाती
खुपसायचं कशाला? पोत्याची शिवण साखळी टाक्याची असते. बरोबर टोकाचा फास कापून दोरा ओढला की सरसर सुटते, पोतंही पुन्हा कामाला येते. आणि लायनर लॉकचा खरा वैरी आपलीच माती. ओली असताना खाचेत शिरते, वाळली की दगड. पट्टी अर्धवट सरकते, लॉक लागल्यासारखं वाटते, लागलेलं नसते. बिनलॉकच्या पात्यावर कोणी भरवसाच ठेवत नाही, म्हणून हात जपून चालतो. व्हिक्टोरिनॉक्सचे ९१ मिमीचे चाकूही बिनलॉकचेच आहेत.

तुराटी
माती कमानीतही जातेच की! जुना दातांचा ब्रश, पाणी, उन्हात सुकवणं, खिळ्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. दोन मिनिटांचं काम. ते करायचा कंटाळा म्हणून लॉक वाईट, हे काही पटत नाही बावा.

जंभेरी
तेलावरून एक. लाकडी मुठीला जवसाचं तेल उत्तम, चार-पाच हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या. पण तेच तेल खिळ्यात घातलं तर चिकट होऊन चाकू उघडेनासा होतो, कारण जवस वाळणारं तेल आहे. बजेट वाढवता आलं तर ऑपिनेलचा ८ नंबर बघा: साडेआठ सेंमीचं पातळ पातं, फिरवायच्या कड्याचं लॉक. उणीव एकच, मूठ बीच लाकडाची, पावसाळ्यात फुगली की पातं नखाने निघत नाही. कार्बन स्टीलचं पातं घेतलं तर संत्रं कापून तसंच मिटू नका, आंबट रसाने तासाभरात काळं पडते. पुसलं की झालं.

आणि कृपा करून याच चाकूने कलमाचे डोळे बांधू नका. जंभेरी लिंबाच्या खुंटावर सालीला ‘टी’ काप द्यायला वस्तऱ्यासारखी धार लागते. सुतळी कापलेल्या पात्याला दाते पडलेले असतात, साल फाटते, डोळा सुकतो. शिवाय न धुतलेल्या पात्यावरून एका झाडाचा रोग दुसऱ्यात जातो. कलमाचा चाकू वेगळाच ठेवा.

भाता
घडीच कशाला? लोहाराकडे गाडीच्या कमानपाट्याचं अखंड पातं करून घ्या, कातडी म्यान, कमरेला. खिळा नाही, लॉक नाही, वाद नाही.

झाडीपट्टी
शेतात ठीक. पण तोच कमरेला लावून बाजाराला, एसटीत? शस्त्र नियमांत परवान्याची मर्यादा ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची आहे, शेतीच्या-घरच्या अवजारांना त्यात सूट आहे. खिशातला चाकू त्यात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघाला, तर त्यात चाकू काय, लाठीही येते. त्या दिवसांत चाकू घरी ठेवा. बटण दाबून उघडणारा तर घेऊच नका.

भाता
मानलं. मग घडीचा घ्या, पण धार फिरत्या सहाणवाल्याकडून लावू नका. कोरड्या चाकावर टोक निळं पडलं की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, धार तिथेच आधी जाणार. घरी दुहेरी दगड पुरे. पातं २ सेंमी रुंद असेल तर पाठ दगडापासून ७ मिमी उचला, म्हणजे २० अंश. खरखरीत बाजूवर एका अंगाने घासा, दुसऱ्या अंगाला बोटाला बर (धारेवर वळलेली बारीक खरखरीत कोर) लागेपर्यंत. मग उलटा. नंतर बारीक बाजूवर हलक्या हाताने आलटून पालटून, बर जाईस्तोवर.

तुराटी
हे लॉकवाल्यालाही चालते ना? मग झालं. मी लायनरवरच आहे.

काळीमाती
खाच धूत जा म्हणजे झालं.