हातांचा वेग: अली, पॅटर्सन आणि मेल्ड्रिक टेलर
मोहम्मद अलीचे हात सर्व मुष्टियोद्ध्यांत वेगवान होते, असे एक मत मांडले जाते; त्याला एक पुरवणी जोडावीशी वाटते. हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनगटापुरते ते मत मला बहुतांशी मान्य आहे; १९६६ मध्ये ह्यूस्टन येथे क्लीव्हलँड विल्यम्सविरुद्ध तिसऱ्या फेरीतच संपलेली त्याची लढत पाहिली, की एवढ्या उंच माणसाचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) इतक्या झटकन जाऊन परत कसा येतो, याचे नवल वाटते. मात्र एकेका ठोशाचा वेग आणि सलग ठोशांच्या मालिकेचा वेग या दोन निराळ्या गोष्टी असून, दुसऱ्या कसोटीवर माजी हेवीवेट जगज्जेता फ्लॉइड पॅटर्सन मला सरस वाटतो. (त्याची हनुवटी तेवढी भक्कम नव्हती, म्हणजे जबर ठोसे त्याला सोसत नसत, हा भाग वेगळा.) हलक्या वजनगटांत मी अमेरिकन मुष्टियोद्धा मेल्ड्रिक टेलरचे नाव घेईन. १७ मार्च १९९० रोजी मेक्सिकोच्या हुलिओ सेझार चावेझविरुद्ध त्याने ठोशांचा अक्षरशः पाऊस पाडला आणि तीनपैकी दोन पंचांच्या गुणपत्रिकांवर तो आघाडीवरही होता. परंतु चावेझच्या मोजक्या, जड ठोशांचा मार साठत गेला आणि बाराव्या, म्हणजे शेवटच्या फेरीचे अवघे २ सेकंद उरले असताना रेफरी रिचर्ड स्टील यांनी लढत थांबवली. तो निर्णय मला आजही पूर्णपणे पटलेला नाही.