गाजर गवताची ॲलर्जी असताना गोरखमुंडी, माका, बिबा चालतो का?

मनीषनगर_४४
आईचं वय ५६. पावसाळा सरता सरता पापण्या, मान आणि कोपराच्या खोबणीत पुरळ येतं, खाज सुटते. दमाही आहे, इन्हेलर सुरू आहे. पॅच टेस्टमध्ये (पाठीवर पट्ट्या चिकटवून करतात ती ॲलर्जीची तपासणी) गाजर गवत पॉझिटिव्ह आलं. सोयऱ्यांनी तीन गोष्टी सुचवल्या आहेत: रक्तशुद्धीसाठी गोरखमुंडीचं चूर्ण रोज एक चमचा, डोक्याला माक्याचं तेल आणि टाचांच्या भेगांना बिब्याचं तेल. चूर्ण इतवारी बाजारातून सुटं आणलंय, पुडीवर काही लिहिलेलं नाही. झाडपाल्याचं आहे, अपाय नाही, असं सगळेच म्हणतात. यातलं काय द्यावं?

रानपाला
गोरखमुंडी देऊ नका. कारण झाडाच्या कुळात आहे. गाजर गवत सूर्यफुलाच्या कुळातलं. त्याच कुळात गोरखमुंडी, माका, अक्कलकरा, जखमेवर चोळतात तो दगडी पाला, शेवंती, झेंडू आणि हल्ली पाकिटात मिळणारा कॅमोमाइलचा चहा येतो. गाजर गवतात पार्थेनिन नावाचं रसायन असतं. त्या जातीची रसायनं या कुळातल्या बऱ्याच झाडांत आहेत. शरीराने एकाला शत्रू मानलं की दुसऱ्यालाही ते तसंच ओळखू शकतं. पोटातून घेतलं तर पुरळ जुन्या जागी पुन्हा उठू शकतं, कधी अंगभर पसरतं.

प्रत्येकाला प्रत्येक झाड बाधतंच असं नाही. माक्याचे मुख्य घटक वेगळे आहेत, म्हणून तो गोरखमुंडीइतका संशयास्पद नाही. पण कूळ तेच, शिवाय तेल डोक्यावरून ओघळून पापण्यांवरच येतं आणि तिथली कातडी सगळ्यात पातळ. पुरळ असेपर्यंत नकोच.

अजून एक. पॅच टेस्ट ही उशिरा उठणाऱ्या पुरळाची तपासणी आहे, वाचन साधारण ४८ आणि ९६ तासांनी होतं. परागकणांनी शिंका आणि दमा उसळतो ती वेगळी यंत्रणा. त्यासाठी कातडीवर हलकं टोचून करतात ती प्रिक टेस्ट लागते, ती १५-२० मिनिटांत कळते. आईंना दमा आहे, तेव्हा दुसरीही करून घ्या. त्याआधी सेट्रिझिनसारख्या गोळ्या किती दिवस बंद ठेवायच्या ते डॉक्टरांना विचारा, साधारण ५ ते ७ दिवस सांगतात. इन्हेलर मात्र स्वतःहून बंद करू नका.

काउंटरमागून
सुट्या पुडीबद्दल. परवानाधारक आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटकांची नावं, बॅच नंबर आणि परवाना क्रमांक असतो. सुट्या चूर्णात काय काय आहे हे विकणाऱ्यालाही खात्रीने सांगता येत नाही. ॲलर्जीच्या माणसासाठी ‘२१ जडीबुटींचं मिश्रण’ सगळ्यात वाईट: रिॲक्शन आली तरी कशाने आली ते शोधणार कसं?

दम्याच्या किंवा खाजेच्या पुडीने दोन-तीन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटलं, भूक वाढली, चेहरा सुजला, शुगर चढली, तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्या. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. उरलेली पुडी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

कच्चा मधही ॲलर्जीच्या माणसाला नको, त्यात परागकण असतात. रॉयल जेली दम्याच्या माणसाला देऊच नका, तिने जिवावर बेतल्याच्या नोंदी आहेत. कापूर-निलगिरीचा वाफारा काही जणांची श्वासनलिका उलट आवळतो.

मनीषनगर_४४
चूर्ण बाजूला ठेवलं. बिब्याचं तेल थोडंसं हातावर लावून बघू का?

रानपाला
नाही! बिब्याची चाचणी घरी करायचीच नसते. त्याच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं आणि ॲलर्जीही जडवतं. बिबा उतला, म्हणजे अंगावर बाधला, की एक ते तीन दिवसांनी फोड येतात. आंब्याचा चीक आणि काजूचं टरफल याच कुळातले, त्यांचा त्रास असेल तर बिबा उतण्याची शक्यता जास्त. पूर्वी परीट कपड्यांवर बिब्याने खूण करत, तेवढ्या डागानेही मानेवर चट्टे उठत. चुकून लागलं तर लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, नखांखालूनही. लिंबू, चुना लावू नका. भेगांना साधं व्हॅसलिन रात्री लावून मोजे घाला.

माक्याचं तेल पुढे वापरायचंच असेल तर पुरळ पूर्ण शमल्यावर, डॉक्टरांना विचारून. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सलग सात दिवस. काही रिॲक्शन दहाव्या दिवशीही उठते, म्हणून एका दिवसात ‘काही झालं नाही’ म्हणू नका. खायच्या गोष्टीची अशी घरगुती चाचणी करायची नाही.

कॅज्युअल्टी_नाइट
काही घेतल्यावर ओठ-जीभ सुजली, अंगभर गांध्या आल्या, आवाज बसला, छातीत घरघर, उलट्या किंवा चक्कर, तर गोळी देऊन वाट बघू नका. सेट्रिझिनने गांध्या बसतात, श्वास मोकळा होत नाही. १०८ लावा. रुग्णाला आडवं झोपवा, पाय उंच. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवत नेऊ नका. उपचार म्हणजे ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, प्रौढांना ०.५ मिलिग्रॅम, गरज पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. दम्याचा पंप सोबत घ्या आणि जे घेतलं त्याची पुडी किंवा डबी खिशात टाका. तिथे पहिला प्रश्न तोच विचारतात.

मनीषनगर_४४
पुडी सांभाळून ठेवली आहे, सोमवारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग ओपीडीत दाखवतो. घरामागच्या लेआउटमध्ये रिकाम्या प्लॉटवर गाजर गवत कमरेएवढं वाढलंय. ते आता उपटायचं का?

रानपाला
फुलं आली असतील तर आता हलवलं की पराग उडतात. आई घरात, खिडक्या बंद, दुसऱ्या कोणीतरी पूर्ण बाह्या, हातमोजे आणि मास्क घालून, पाऊस पडून जमीन ओली असताना मुळासकट उपटायचं. जाळायचं नाही. पुढच्या वर्षी फुलायच्या आधी, जुलैतच.