मोका पॉटमधली दुधाची कॉफी कडू होतेय, काय चुकतंय?

नौपाडावासी:
नमस्कार मंडळी. बाबा ऐंशीचे आहेत. दुपारी चारला त्यांना दुधाची कॉफी लागते, दाट, गोड, जायफळ घातलेली. आई पातेल्यात पावडर उकळून फडक्यातून गाळायची. ती जाऊन दीड वर्ष झालं. माझ्या हातची कॉफी बाबा अर्धी पितात आणि कप सरकवून ठेवतात. बोलत काही नाहीत, पण मला कळतं.

भाचीने दिवाळीला मोका पॉट दिला, म्हणजे गॅसवर ठेवून कॉफी करायचं भांडं. ॲल्युमिनियमचा, आठ पैलूंचा, तीन कपांचा. मी असं करते: खालच्या भांड्यात नळाचं पाणी जवळजवळ काठोकाठ. मधल्या चाळणीत माटुंग्याहून आणलेली ६०:४० ची चिकोरीवाली पावडर (साठ भाग कॉफी, चाळीस भाग चिकोरी, म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड), चमच्याने चांगली दाबून. मोठ्या बर्नरवर मोठा गॅस. बराच वेळ काहीच होत नाही, मग एकदम फुरफुरत काळं पाणी वर येतं आणि ओटाभर शिंतोडे. काल तर खालच्या भांड्याच्या बाजूला जे पितळी बोंड असतं त्यातूनच सूं करून वाफ सुटली. घाबरून गॅस बंद केला. मुठीचं प्लास्टिकही खालून मऊ पडलंय.

कॉफी येते ती जळकट. फ्रीजमधलं दूध घातलं की कोमट होते, पुन्हा गॅसवर ठेवली की आणखी कडू. पाण्याऐवजी खाली दूधच घातलं तर चालेल का? चार वाजता रोज पोटात गोळा येतो, म्हणून विचारतेय.

नेरुळची_गवतीचहा:
ताई, आधी तेवढं सांगते: खाली दूध अजिबात घालू नका. दूध तळाला लागतं, साय आतल्या नळीत आणि बोंडात जाऊन बसते, आणि ते बोंड म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. तो चोंदला तर दाब बाहेर पडायला वाटच नाही. काल वाफ सुटली म्हणजे व्हॉल्व्हने आपलं काम केलं, भांडं बिघडलेलं नाही. पाणी नेहमी त्या बोंडाच्या खाली राहिलं पाहिजे, बोंड बुडता कामा नये.

आता वाफ तिथून का सुटली ते. हे भांडं अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून १९३३ मध्ये इटलीत आलं आणि आतली करामत तीच आहे. खालचं पाणी तापतं, वरच्या पोकळीतली हवा आणि वाफ फुगते, ती पाण्याला नळीतून वर, पावडरीतून, ढकलते. हा दाब साधारण आपल्या कुकरच्या शिट्टीच्या आसपासचा, १ ते २ बार (बार म्हणजे दाब मोजायचं माप). कॅफेतल्या एस्प्रेसो मशीनमध्ये ९ बार असतो. एवढ्याशा दाबाला तुम्ही दाबून बसवलेल्या बारीक पावडरीची भिंत फोडता येत नाही. त्यात चिकोरी पाण्यात फुगते आणि चिकट होते. मग दाब व्हॉल्व्हमधून निघतो नाहीतर फुरफुरत एकदम वर येतो.

म्हणून पावडर दाबायची नाही. चाळणी भरायची, बोटाने सपाट करायची, कडेला सांडलेले कण पुसायचे. पावडर चिकोरी नसलेली घ्या, आणि दुकानात दळताना मोका पॉटसाठी म्हणून सांगा. रव्यासारखी जाड नको, मैद्यासारखी बारीक नको, दोन्हींच्या मधली.

पाणी आधीच गरम केलेलं घाला, म्हणजे पावडर गॅसवर शेकत बसत नाही. खालचं भांडं फडक्यात धरून वरचं घट्ट फिरवा. आच बारीक, झाकण उघडं. पहिली धार मधासारखी संथ, गडद येते. ती फिकी पिवळी पडून बुडबुडायला लागली की लगेच उतरवा आणि बूड नळाखाली धरा. शेवटच्या त्या फुरफुरीत फक्त कडूपणा असतो.

खारीगावकर:
मुठीचं कारण मोठा बर्नर. ज्वाळा बुडाबाहेर जाता कामा नये. छोट्या बर्नरवर पॉट डगमगतो, म्हणून खाली पापड भाजायची जाळी ठेवा, जांभळी नाक्याला भांड्यांच्या कुठल्याही दुकानात मिळते. आतला रबरही बघून घ्या. कडक झाला असेल तर जोडातून वाफ जाते आणि कॉफी वर चढत नाही. आणि पॉट साबणाने, चिंचेने घासू नका. गरम पाणी आणि बोटं पुरे. धुऊन पुसून सुटा ठेवा, घट्ट बंद करून ठेवला की कुबट वास धरतो.

वाशीची_अम्मा:
मी लग्न होऊन महाराष्ट्रात आले, कॉफी माहेरची. चिकोरीला वाईट म्हणू नका. काकांना दाट कॉफी आवडते, तो दाटपणा आणि रंग चिकोरीचाच असतो. ती पावडर टाकू नका, तिच्यासाठी स्टीलचा फिल्टर घ्या. रात्री भरून ठेवायचा, सकाळी डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, तयार.

पॉटच वापरायचा असेल तर दूध वेगळं तापवा. फुल क्रीम घ्या. कडेला बारीक बुडबुडे आले, वाफ दिसायला लागली की उतरवा, उतू जाण्याची वाट बघू नका. उकळत ठेवलेल्या दुधाला शिजल्याचा वास येतो आणि तो कॉफीवर चढतो. साखर दुधातच. मग रवीने दोन मिनिटं घुसळा. दूध दोन वाट्या, कॉफी एक वाटी, त्याच क्रमाने, दुधात कॉफी ओता. जायफळ दुधात, कॉफीत नाही.

नौपाडावासी:
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी जाळी आणि नवा रबर आणला, चिकोरीशिवायची पावडर दळून घेतली. पहिला पॉट तसाच ओतून दिला, रबराचा वास होता. दुसऱ्यांदा गरम पाणी, छोटा बर्नर, पावडर न दाबता. झाकण उघडं ठेवून वाकून बघत होते. मधल्या दांड्यातून आधी एक थेंब आला, मग खरंच मधासारखी धार, कडेला तांबूस फेस. रंग फिका झाल्याबरोबर उतरवला आणि नळाखाली धरला. चमच्याने चाखली तर कडक आहे पण जळकट नाही.

दूध अम्मांनी सांगितलं तसं. जायफळ आईच्या डब्यातलंच, सहाणेवर दुधात तीन वळसे उगाळलं. चार वाजून दहा मिनिटांनी कप दिला. बाबांनी पूर्ण प्यायला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि म्हणाले, "जायफळ कमी पडलं."

कॉफीबद्दल ते माझ्याशी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बोलले. उद्या पाच वळसे उगाळते. अम्मा, तुमचा फिल्टर किती कपांचा आहे? दोघांना पुरेल एवढाच हवाय.