मदत हवी आहे: मॉडिफाय केलेली पोलो जीटी ८५ च्या पुढं गेली की स्टेअरिंग थरथरतं, बॅलन्सिंग तीनदा झालं (सातारा)

नमस्कार मंडळी, सातारा-कराड-सांगली पट्ट्यात कुणी पोलो नाहीतर व्हेंटो वापरत असेल, किंवा चाकाच्या कामातलं खरंच कळणारं कुणी असेल तर प्लीज पूर्ण वाचा, लांबलंय पण अर्धवट सांगून उपयोग नाही, कारण "बॅलन्सिंग करून घे" हे उत्तर मी तीनदा पैसे मोजून ऐकलंय.

गाडी पोलो जीटी टीएसआय, १.२ टर्बो, डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), २०१५ चं मॉडेल, सेकंड हँड घेतलेली. स्टेज वन रिमॅप आहे (सॉफ्टवेअर बदलून इंजिनची ताकद वाढवलेली), लोअरिंग स्प्रिंग आहेत (पुढून साधारण ३५ एमएम खाली), आणि दिवाळीच्या आधी १६ इंची आफ्टरमार्केट अलॉय (बाहेरच्या कंपनीच्या रिम) टाकले, टायर २०५/५० आर १६. कंपनीचे १८५/६० आर १५ होते त्यामानाने चाकाचा व्यास ८ एमएमच वाढलाय त्यामुळं कुठं घासत वगैरे नाही.

त्रास असा की वाढे फाट्याला हायवेला लागलो, ८० पर्यंत गाडी लोण्यासारखी, ८५ ला स्टेअरिंगला बारीक थरथर सुरू होते आणि ९२ ते १०० मध्ये अशी की हात हलका सोडला तर स्टेअरिंग स्वतःच डावी-उजवी झटके मारतं. सीटला तेवढं जाणवत नाही, हातालाच, म्हणून मागच्या चाकांवर माझा संशय नाही. ब्रेक दाबला तर वाढत नाही, म्हणजे ब्रेकची डिस्क वाकडी नसावी. मॅन्युअल मोडला टाकून ९५ ला पाचवा, सहावा, सातवा असे तिन्ही गिअर बदलून बघितले, आरपीएम खालीवर होतो पण थरथर आहे तशीच, म्हणजे इंजिन किंवा माउंटिंगचा विषय नाही, चाकाच्या फिरण्याशीच संबंध आहे. ९५ ला हे चाक सेकंदाला जवळजवळ १४ फेरे मारतं, तिथं थोडासा फरक पण हाताला लागतो.

मला एवढी घाई का तर आईला मणक्याच्या दुखण्यासाठी दर १५ दिवसांनी मिरजेला न्यावं लागतं, पेठ नाका-आष्टा मार्गे. ती बोलत नाही काही, पण मागच्या खेपेला कराड गेल्यावर बघितलं तर तिनं वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं, तेव्हापासून ते नवे अलॉय डोक्यात बसलेत.

आता मेन गोष्ट. तीन वेगवेगळ्या दुकानांत बॅलन्सिंग केलं, तिन्हीकडं मशीनवर वजनाचा फरक शून्य-शून्य, मग गाडीवर का थरथरतं हे कोणी सांगेना. रविवारी घरीच जॅक लावून पुढची डावी बाजू खोलली. अलॉयचं मधलं भोक ७३.१ एमएमचं आणि पोलोचा हब (ज्यावर चाक बसतं तो मधला गोल भाग) ५७.१ चा, मधली फट भरायला प्लास्टिकची हब रिंग असते ती एका बाजूनं चिरलेली आणि ब्रेकच्या तापानं वाकडी झालेली, नख लावलं तर तुकडा हातात आला. हबच्या कडेला अर्ध्या भागात गंज आणि अर्ध्या भागात घासून चकचकीत झालेलं, म्हणजे चाक एकाच अंगाला टेकून बसत होतं. उजव्या बाजूला तर रिंगच नाही! बॅलन्सिंग मशीनवर चाक शंकूसारख्या तुकड्यावर बरोबर मधोमध बसतं म्हणून तिथं शून्य येतं, गाडीवर मात्र ते बोल्टच्या भरवशावर लटकतंय. आणि पोलोला स्टड (हबवर कायम असलेले आट्यांचे दांडे) नसतात, बोल्टच असतात, म्हणजे लावताना चाक हातानं धरून बोल्ट घालायचे, रिंग नसेल तर ते सेंटरला येणार कसं.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. दुकानदारानं कंपनीचेच बोल्ट परत वापरलेत. त्यांची बसक (रिमला टेकणारा भाग) गोल असते आणि माझ्या अलॉयची भोकं शंकूसारखी उतरती आहेत. खात्री करायला एका बोल्टच्या बसकीवर काळा मार्कर फिरवला, आवळला, परत काढला, तर शाई फक्त केसाएवढ्या एका रेषेत पुसलेली, बाकी सगळी शाबूत. एवढ्याशा पकडीवर मी आईला घेऊन १०० ला जात होतो. त्या दिवशीच ते अलॉय उतरवले.

माळ्यावरची कंपनीची १५ इंची चाकं काढली, हब वायर ब्रशनं साफ केला, बोल्ट चांदणीच्या पद्धतीनं हातानं बसवून मग टॉर्क रेंचनं १२० न्यूटन मीटरला आवळले (दुकानात हवेच्या गननं सर्रास ठोकतात, तसं करू देऊ नका) आणि वाढे फाट्यावरनं उंब्रजपर्यंत जाऊन आलो. स्टेअरिंग एकदम शांत. बघून डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

पण एक गोष्ट उरलीय. ८० च्या पुढं चढाला ॲक्सिलरेटर जोरात दाबला की गाडीचं तोंड डावीकडं-उजवीकडं हलल्यासारखं होतं, पाय काढला की लगेच बंद. आधी मोठ्या थरथरीत हे दबून गेलं असणार. माझा संशय आतल्या सीव्ही जॉइंटवर आहे (चाकाला ताकद देणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा गिअरबॉक्सकडचा सांधा), गाडी खाली बसवल्यानं ड्राइव्ह शाफ्टचा कोन बदललाय आणि रिमॅपमुळं टॉर्क पण वाढलाय. जॉइंटवरचे रबरी बूट बघितले, फाटलेले नाहीत, ग्रीस बाहेर आलेलं नाही. वळताना कटकट आवाज पण नाही, म्हणजे बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट ठीक असावा.

तर मला विचारायचंय ते असं. ७३.१ ते ५७.१ च्या ॲल्युमिनियमच्या रिंगा सांगलीत नाहीतर कोल्हापुरात तयार मिळतात का, की एमआयडीसीत लेथवर करून घेऊ? लेथवाले दादा ओळखीचे आहेत, ते तयार आहेत, पण हबवर किती टाइट बसली पाहिजे हे ज्यांनी करून घेतलंय त्यांनी सांगा, पुढं गंजून अडकायला नको. एम १४ गुणिले १.५ चे (१४ एमएम जाडी, १.५ एमएम आटा) शंकूच्या बसकीचे बोल्ट घेणार आहे, लांबी कशी ठरवलीत ती पण सांगा, कमी आटे धरले तर भीती वाटते. त्याच दादांच्या डायल गेजवर डावा अलॉय फिरवून बघितला, कडेला ०.८ एमएम आऊट येतोय (फिरताना तेवढा हलतो), हा वापरण्यासारखा आहे का बदलूनच टाकू?

आणि सीव्ही जॉइंटचं, कुणी लोअर केलेल्या पोलोला हा त्रास भोगला असेल तर नुसते स्प्रिंग परत कंपनीचे टाकून गेला का जॉइंट बदलावाच लागला? गुरुवारी परत मिरजेला जायचंय, कंपनीच्या चाकांवर ७५ च्या आत हळूहळू नेईन म्हणतोय. तेवढं चालेल का नाही एवढं तरी बुधवारपर्यंत कुणीतरी सांगा, नाहीतर मेव्हण्याची गाडी मागून ठेवतो.